दोन रंगांचे तोरण

घरात मंगल कार्य निघाले की आपल्याकडे सर्वांचे लक्ष आधी दाराकडे जाते. पक्वान्नांचा बेत मागाहून ठरला तरी चालतो, पाहुण्यांची यादी चार वेळा बदलली तरी चालते. पण दारावर तोरण चढल्यावाचून घराला सणाची कळा येत नाही. आणि हे तोरण पिढ्यान्‌पिढ्या बहुधा दोनच रंगांचे चालत आले आहे. आंब्याची गर्द हिरवी पाने आणि त्यांच्या मधून मधून झेंडूची पिवळीधमक फुले! अंगणात इतर फुलांचा काही दुष्काळ नसतो. जास्वंद असते, गुलाब असतो, मोगरा असतो. तरी तोरण ओवणारा हात झेंडूकडे आणि आंब्याकडेच वळतो. असे का, हे सहसा कोणी विचारीत नाही. जे नेहमी डोळ्यांसमोर असते त्याचे कारण शोधण्याची गरज कोणाला वाटत नाही.

पुढे या तोरणाच्या शेजारी फुगेही येऊन बसले. फुगा आपल्या घरात आला तो जत्रेच्या वाटेने. जत्रेत फुगेवाल्याच्या काठीवर सगळे रंग एकत्र नांदत असतात, आणि तेथे ते शोभतातही. कारण तेथे प्रत्येक मुलाला आपल्या आवडीचा एकच फुगा निवडायचा असतो. घराची सजावट ही गोष्ट मात्र निराळी. तेथे सगळे रंग एकदम बोलू लागले की कोणाचेच नीट ऐकू येत नाही. दोनच रंग घेतले तर एकाने हाक मारावी आणि दुसऱ्याने ओ द्यावी, असा त्यांचा मेळ जमतो.

पण रबरी फुग्याचा जन्म जत्रेतही झाला नाही आणि घरातही नाही. तो झाला प्रयोगशाळेत. १८२४ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे हा शास्त्रज्ञ हायड्रोजन वायूवर प्रयोग करीत होता. वायू साठवण्यासाठी त्याला एखादी हलकी पिशवी हवी होती. त्याने रबराचे दोन पातळ तुकडे एकावर एक ठेवले, त्यांच्या कडा दाबून जोडल्या आणि आतल्या बाजू एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये पीठ भुरभुरले. शास्त्राच्या कामासाठी केलेली ती पिशवी म्हणजेच आजच्या फुग्यांचा पूर्वज. फुग्यांनी पुढे मुलांची मने जिंकली, याचे नवल नाही. पण ते माणसाच्या डोळ्यांविषयी काही शिकवतील, असे मात्र कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. भुसावळच्या एका घरात १९९६ सालच्या मे महिन्यात तसे घडले खरे.

त्या घराच्या समोर दोन झाडे होती. उजव्या हाताला गुलमोहर आणि डाव्या हाताला बहावा. खानदेशचा उन्हाळा कसा भाजून काढतो, हे तेथे राहिल्यावाचून कळायचे नाही. दुपारी दारे-खिडक्या लावून माणसे आत बसत आणि रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नसे. त्या उन्हात ही दोन झाडे मात्र ऐन बहरात येत. हिरव्या पर्णसंभारावर गुलमोहराच्या लाल फुलांचा जणू वणवा पेटे, तर बहाव्याचे सोनपिवळे घोस निळ्या आभाळासमोर झुंबरासारखे लोंबत असत. येणारा-जाणारा गुलमोहरापाशी थबके आणि म्हणे, "काय बहरला आहे हो!" घरातले आजोबा ओसरीवरच्या आरामखुर्चीतून शांतपणे उत्तर देत, "असेल बुवा!" त्यांची खुर्ची वर्षानुवर्षे बहाव्याकडे तोंड करून ठेवलेली असे. म्हाताऱ्या माणसाची एक आवड, एवढाच त्याचा अर्थ सर्वांनी लावला होता.

आजोबा टपाल कचेरीतून निवृत्त झाले होते. त्यांचा पोशाख सदा पांढरा. बाजारातून टोमॅटो आणायचे झाले तर एकेक टोमॅटो बोटांनी दाबून पाहत, आणि भाजीवाली कितीही कुरकुरली तरी तिच्या शब्दावर विश्वास ठेवीत नसत. घराच्या मागून रेल्वेचा मार्ग जात असे. रात्री गाडी आली की ते हातातले पुस्तक मिटून तिच्या आवाजाकडे कान देत. त्या साली त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत होती. आजी जाऊन पाच वर्षे झाली होती, आणि त्यानंतर त्या घरात असा समारंभ झालाच नव्हता. त्यामुळे दोघी लेकी मुलाबाळांसह माहेरी आल्या, मामांनी मंडप सांगितला आणि सजावटीचे काम नातवंडांकडे आले.

नातवंडांत सर्वांत मोठी चौदा वर्षांची. सगळे तिला ताई म्हणत. त्याच वर्षी तिने शाळेतून चित्रकलेची परीक्षा दिली होती आणि रंगांच्या बाबतीत तिचा शब्द अखेरचा मानला जाई. रंगचक्र काढून त्यात जे रंग समोरासमोर येतात ते एकमेकांचे विरोधी रंग, आणि ते शेजारी ठेवले की दोन्ही अधिक उठून दिसतात, हे ती शिकली होती. या नियमामागे एक सुरस हकिगत आहे. पॅरिसमध्ये गोब्लँ नावाचा भिंतीवरचे चित्रपट विणण्याचा जुना कारखाना आहे. तेथील रंगखात्याचा प्रमुख मिशेल शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ होता. काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपास केला तेव्हा धाग्यात काहीच खोट नव्हती. धाग्याशेजारच्या रंगांमुळे तो तसा दिसत होता! या विषयावर त्याने १८३९ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. शेजाऱ्यामुळे रंगाचे रूप पालटते, हे तेव्हापासून चित्रकारांना नियमाने सांगता येऊ लागले.

ताईने हा नियम घेतला आणि निर्णय दिला, "तोरण लाल आणि हिरव्या फुग्यांचं करायचं. तिसरा रंग अजिबात नको." लगोलग बाजारातून दोन्ही रंगांचे पन्नास-पन्नास फुगे आले.

योजना मोठी नीटस होती. एक लाल आणि एक हिरवा फुगा घेऊन त्यांच्या माना एकमेकींभोवती पिळायच्या की झाली जोडी. अशा दोन जोड्या आडव्या-उभ्या धरून मधोमध पिळल्या की चार फुग्यांची चौकडी. वीस चौकड्या सुतळीवर एकीला एक भिडवून बसवल्या की दाराच्या चौकटीभोवती भरगच्च तोरण तयार. म्हणजे फुगे लागणार ऐंशी. उरलेले वीस फुटतील म्हणून हाताशी.

समारंभाच्या दोन दिवस आधी संध्याकाळी ऊन उतरल्यावर काम सुरू झाले. फुगा फुगवणे हे दिसते तितके सोपे नसते. पहिल्या फुंकरीला तो सर्वांत अधिक विरोध करतो. गाल दुखतात, डोळ्यांत पाणी येते आणि फुगा हट्टी मुलासारखा तसाच राहतो. एकदा का त्याने थोडी जागा दिली की पुढे तो आपण होऊन मोठा होत असल्यासारखा भासतो. दोघे मावसभाऊ फुगे फुगवू लागले. ताई गाठी मारू लागली. जोड्या बांधण्याचे काम तिच्या नऊ वर्षांच्या धाकट्या भावाकडे आले. काम सर्वांत सोपे म्हणून ते सर्वांत लहान मुलाला दिले होते. त्याने मात्र ते ऐकून क्षणभर मान खाली घातली. कोणाच्या लक्षात ते आले नाही.

फुगवण्याआधी फुगे त्याच्यासमोर होते तेव्हा त्याला फारशी अडचण पडली नाही. त्यांतले काही त्याला अधिक काळपट दिसत. ते लाल, हे त्याने ताडून ठेवले होते. पण रबर ताणले की पातळ होते. तेवढाच रंग मोठ्या पृष्ठभागावर पसरतो आणि फिका पडतो. मावसभावांपैकी एकाचा दम मोठा, दुसऱ्याचा लहान; त्यामुळे कोणताच फुगा दुसऱ्याएवढा होईना. खूप फुगलेला लाल फुगा आणि कमी फुगलेला हिरवा फुगा धाकट्याच्या डोळ्यांना सारखेच दिसू लागले. ज्या खुणेवर तो विसंबला होता ती खूणच नाहीशी झाली. विचारावे, तर सगळे हसतील. तो अंदाजाने जोड्या बांधीत गेला.

तोरण दारावर चढले आणि ताई चार पावले मागे सरून पाहू लागली. कोठे लाल फुग्यांचा पुंजका झाला होता, तर कोठे हिरव्यांचा. हाक आणि ओ यांचा मेळ कोठेच नव्हता. "अरे, हा तर रंगांधळा!" मोठा मावसभाऊ ओरडला आणि सगळी मुले खो खो हसली. त्याने तो शब्द नुसता चिडवायला वापरला होता; तो खरा असेल, असे त्याच्याही मनात नव्हते. ताईला मात्र हसू आले नाही. तीन तासांची मेहनत वाया गेली होती. ती रागाने म्हणाली, "एवढं साधं काम सांगितलं तुला! तेवढंही मन लावून करता येत नाही?"

"मी मुद्दाम नाही केलं," एवढेच तो म्हणाला आणि परसदारी निघून गेला.

आजोबांनी हे सारे ओसरीवरून ऐकले होते. काही वेळाने ते काठी टेकीत परसात आले. नातू विहिरीच्या कट्ट्याला टेकून बसला होता. आजोबा त्याच्या शेजारी बसले. त्यांनी त्याची समजूत घातली नाही, की त्याला रागही भरला नाही. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला.

"तुझ्या रंगाच्या पेटीत हिरवी कांडी कुठे असते रे?"

"डावीकडून तिसरी," नातू चटकन म्हणाला.

"आणि कोणी तिची जागा बदलली तर?"

नातू गप्प राहिला. त्या वर्षी शाळेत नेमके तसेच घडले होते. कोणीतरी त्याची पेटी उलटीपालटी केली आणि त्याच्या चित्रातल्या झाडाला तपकिरी पाने आली. वहीवर "लक्ष नाही" असा शेरा पडला. ते पान त्याने घरी कोणालाच दाखवले नव्हते.

दूर रेल्वेच्या मार्गावर सिग्नलचा दिवा दिसत होता. आजोबांनी काठीने तिकडे बोट केले. "तो दिवा लाल आहे की हिरवा?"

"मला सांगता येत नाही," नातू अगदी हळू आवाजात म्हणाला.

"मलाही येत नाही," आजोबा म्हणाले.

नातवाने चमकून वर पाहिले. मग आजोबांनी त्याला आपली हकिगत सांगितली. "तुझ्यासारखाच मी याच गावात वाढलो. इंजिनावर काम करायचं, गाडी चालवायची, याखेरीज दुसरं काही मनात नव्हतं. १९४१ साली, विसाव्या वर्षी, रेल्वेत भरती होण्यासाठी गेलो. डॉक्टरांनी एका अंधाऱ्या खोलीत बसवलं आणि लहानशा भोकातून एकेक दिवा दाखवायला सुरुवात केली. मी लाल म्हणावं तर तो हिरवा निघे, हिरवा म्हणावं तर लाल. त्या दिवसापर्यंत मला स्वतःलाही हे नीट ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर एक ओळ लिहिली आणि सगळं संपलं. त्यांनी केलं ते बरोबरच होतं. ज्याला सिग्नल ओळखता येत नाही त्याच्या हाती शेकडो माणसांची गाडी देता येत नाही. पण घरी येऊन मी सांगितलं, की कोळशाची धग मला मानवणार नाही, ती नोकरी मलाच नको."

"मग कोणालाच कळलं नाही?"

"तुझ्या आजीला कळलं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी तिच्यासाठी लाल म्हणून लुगडं आणलं. ते होतं हिरवं. तिने ते हसतमुखाने नेसलं, आणि चार दिवसांनी एकान्तात मला विचारलं. त्यानंतर कापडाच्या दुकानात ती नेहमी माझ्याबरोबर येत असे. ती गेल्यावर मी पांढऱ्याखेरीज दुसरं कापड घेतलंच नाही."

"तुम्ही सर्वांना सांगितलं का नाही, आजोबा?"

आजोबा थोडा वेळ थांबले. "लोक हसतील म्हणून," ते म्हणाले. "तुझ्याइतकाच मीही घाबरलो. तू नऊ वर्षांचा आहेस म्हणून तुझं ते शोभतं. मी मात्र पंचावन्न वर्षं घाबरत राहिलो."

जगात असा अनुभव घेतलेली माणसे थोडी नाहीत. इंग्लंडमधील जॉन डाल्टन या शास्त्रज्ञाचे नाव अणूच्या सिद्धान्तामुळे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. १७९२ साली त्याने जिरेनियमचे एक गुलाबी फूल मेणबत्तीच्या उजेडात पाहिले. दिवसा निळे भासणारे ते फूल त्याला आता लाल दिसले! त्याने आसपासच्या लोकांना विचारले. कोणालाच एवढा फरक जाणवत नव्हता. जाणवला तो फक्त त्याच्या भावाला. आपली आणि भावाची दृष्टी इतरांहून निराळी आहे, हे त्याला उमगले. त्याने ती गोष्ट लपवली नाही. १७९४ साली मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढे त्याने आपल्याच डोळ्यांविषयी निबंध वाचला. डोळ्यातील द्रव निळसर असल्यामुळे असे होत असावे, असा त्याचा तर्क होता आणि मृत्यूनंतर आपले डोळे तपासावेत, असे त्याने सांगून ठेवले होते. १८४४ साली तो वारला. डोळे तपासले तेव्हा आतला द्रव स्वच्छ निघाला. म्हणजे त्याचा तर्क चुकला होता. पण जतन करून ठेवलेल्या त्या डोळ्यांच्या अवशेषांची १९९५ साली पुन्हा परीक्षा झाली आणि रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशींपैकी एका प्रकारातील द्रव्य त्याच्या डोळ्यांत नव्हते, हे सिद्ध झाले. आपल्या उणिवेकडे लाज म्हणून न पाहता प्रश्न म्हणून पाहणाऱ्या त्या माणसाला दोनशे वर्षांनी उत्तर मिळाले.

ही उणीव बहुधा जन्मतःच येते आणि वंशातून उतरते. पुरुषांत ती पुष्कळ आढळते, स्त्रियांत क्वचित. वडिलांकडून ती मुलीकडे जाते. पण मुलीला स्वतःला सहसा जाणवत नाही. तिच्याकडून ती तिच्या मुलात प्रकट होऊ शकते. वडिलांकडून मुलाकडे मात्र ती जात नाही. म्हणूनच त्या घरात मामांना लाल-हिरवे स्वच्छ दिसत होते आणि आजोबांची दृष्टी मधली एक पिढी ओलांडून नातवाकडे आली होती. त्या रात्रीपर्यंत दोघांनाही हे नाते ठाऊक नव्हते.

रात्री पंगत बसली. धाकटा आजोबांच्या शेजारी बसला होता. पहिला भात संपल्यावर आजोबा सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "संध्याकाळी या मुलाला सगळे हसलात. या घरात लाल-हिरवं न ओळखणारे दोघे आहेत. दुसरा मी." आणि त्यांनी सारी हकिगत पुन्हा एकदा सांगितली. वाढणारे हात जागच्या जागी थांबले. थोरल्या लेकीने आपल्या मुलाकडे पाहिले, मग वडिलांकडे पाहिले, आणि पदराने डोळे टिपले. मोठ्या मावसभावाने मान वर केली नाही.

ताईला तर घास गिळवेना. जे तोरण ज्यांच्यासाठी बांधायचे, त्यांनाच ते दिसणार नव्हते. तिचा नियम खोटा नव्हता. लाल आणि हिरवा हे एकमेकांना उठाव देतात, हे खरेच. पण कोणाच्या डोळ्यांना, हे रंगचक्रावर लिहिलेले नसते. थोड्या वेळाने तिने विचारले, "आजोबा, मग तुम्हांला कोणते दोन रंग वेगळे दिसतात?"

प्रश्न साधा होता. पण पंचाहत्तर वर्षांत तो त्यांना कोणीही विचारला नव्हता. बाहेर अंगणात काळोख होता. तरी आजोबांनी बहाव्याच्या दिशेने पाहिले. "पिवळा आणि निळा," ते म्हणाले. "बहाव्याचे घोस आणि त्यांच्यामागचं आभाळ. त्याच्याकडे पाहताना मला कधीच कोणाला विचारावं लागलं नाही."

दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच पिवळे आणि निळे फुगे घरात आले. लाल-हिरवे फुगे आळीतल्या मुलांना वाटून टाकले. पण या वेळी ताईने घाई केली नाही. तिने एका जाड पुठ्ठ्यात वाटोळे भोक पाडले आणि ते मापाचे पुठ्ठे भावाच्या हाती दिले. प्रत्येक फुगा त्यातून अलगद पार व्हायला हवा. मोठा झाला तर थोडी हवा सोडायची, लहान राहिला तर आणखी एक फुंकर घालायची. सगळे फुगे एका मापाचे झाले की पिवळ्यांचा रंग एकसारखा आणि निळ्यांचा रंग एकसारखा राहतो. शिवाय फुगा तटतटून फुगवला नाही तर उष्णतेने आतली हवा प्रसरण पावली तरी तो सहसा फुटत नाही. भुसावळच्या मे महिन्यात ही खबरदारी फार मोलाची होती. दुपारी अंगणात ठेवलेले तीन फुगे फटाक्यांसारखे वाजले. त्यानंतर बाकीचे घरात सावलीत ठेवले गेले. मोठा मावसभाऊ कोणी न सांगता धाकट्याच्या शेजारी येऊन बसला आणि दिवसभर फुगे फुगवून त्याच्या हातात देत राहिला. तो आदल्या दिवसाबद्दल काही बोलला नाही. पण संध्याकाळी आपल्या वाटणीची आंब्याची फोड त्याने धाकट्याच्या ताटात ठेवली.

जोड्या पुन्हा धाकट्यानेच बांधल्या. चाळीस जोड्यांत एकही चुकली नाही.

समारंभाच्या सकाळी तोरण दारावर चढले. त्याच्या वर मामांनी नेहमीचे आंब्याचे आणि झेंडूचे तोरण बांधले होते. आजोबांची खुर्ची त्या दिवशी प्रथमच बहाव्याकडून दाराकडे वळवण्यात आली. त्यांनी काठी उचलून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजायला सुरुवात केली, "पिवळे, निळे, पिवळे, निळे..." मग काठी वरच्या तोरणाकडे नेऊन ते ताईला म्हणाले, "हेही मला लहानपणापासून दिसत आलं आहे बरं का! झेंडू उजळ आणि पानं गर्द. रंगांची नावं कळली नाहीत तरी फूल कोणतं आणि पान कोणतं हे कळतं."

ताई त्या जुन्या तोरणाकडे पाहतच राहिली. तिच्या लाल-हिरव्या तोरणाचे जर काळे-पांढरे छायाचित्र काढले असते तर कदाचित सगळे फुगे एकाच करड्या रंगाचे दिसले असते. झेंडू आणि आंबा यांचे तसे होत नाही. एक उजेडाच्या बाजूचा, तर दुसरा सावलीच्या बाजूचा. पिवळा आणि निळा यांचेही तसेच. ज्याला रंग नीट दिसतात त्याला ते रंगाने वेगळे वाटतात, आणि ज्याला दिसत नाहीत त्याला उजेड-सावलीने. ते तोरण प्रथम कोणी ओवले, हे कोणाला सांगता येणार नाही. परंतु दारी येणाऱ्या साऱ्यांना ते सारखेच दिसत आले आहे.

पाहुणे आले, ओवाळणी झाली, पंक्ती उठल्या. येणारा प्रत्येक जण दाराशी थांबून विचारी, "पिवळा आणि निळाच का?" त्यावर आजोबा खुर्चीत सरसावून बसत आणि सांगायला लागत. १९४१ सालची ती अंधारी खोली, भोकातला तो दिवा, हिरवे लुगडे, सारे काही. पंचावन्न वर्षे दडवून ठेवलेली गोष्ट त्यांनी त्या एका दिवसात कितीतरी वेळा सांगितली, आणि प्रत्येक वेळी ती त्यांच्या तोंडून अधिक मोकळेपणाने येत गेली. हसले तर ते स्वतःच.

दोन दिवसांनी फुगे मऊ पडले. ताईने तोरण उतरवले आणि फुटलेल्या रबराचे तुकडे शोधून शोधून गोळा केले. कारण लहान मुलाने किंवा जनावराने ते गिळले तर गळ्यात अडकण्याचे भय असते. तुकडे वेचता वेचता ती गुलमोहराखाली आली. तेथे फुलांचा सडा पडला होता. तिने त्यांतले एक ताजे फूल उचलले आणि ओसरीवर जाऊन आजोबांच्या तळहातावर ठेवले. धाकटाही पाहायला वाकला.

"याच्या पाकळ्या मोजा," ती म्हणाली.

आजोबांनी चष्मा सावरला. चार पाकळ्या एकसारख्या होत्या. पाचवी मात्र निराळी. तिच्यावर पांढरट पट्टा होता आणि त्यावर बारीक बारीक ठिपके उमटले होते. दुरून पाहणाऱ्याला गुलमोहराची लाली दिसते, पण ती पाकळी दिसत नाही. आजोबांनी फूल डोळ्यांजवळ नेले, बोटाने ती पाकळी चाचपली आणि नातवाच्या हाती दिली.

"इतकी वर्षं हे झाड माझ्या दारात आहे," ते म्हणाले, "आणि हे मला आज दिसलं."